भिंतीवरचा शुक्रवार

मी चौथी पास आहे. पाचवीत तीन महिने बसलो, तेवढ्यात शाळेचा माठ फुटला आणि आळ माझ्यावर आला. गुरुजी म्हणाले, माफी माग. माठ मी फोडला नव्हता, म्हणून मागितली नाही. बाबांनी समजावलं, अम्माने रडून पाहिलं, मी काही परत गेलो नाही. तेव्हा माझं मराठी हे चौथीचं मराठी आहे. त्यात जेवढं मावतं तेवढं लिहितो. मोठे शब्द शोधत बसणार नाही.

हकिकत एका आफ्रिकेच्या बाईची आहे. ती आधी पेपरात बातम्या लिहायची, मग फिल्म करायला लागली, आणि आता तिची स्वतःची कंपनी आहे. पेपर छापायचा नाही, सगळं फोनवर दाखवायचं, अशी कंपनी. तिच्याबद्दल इंग्रजीत आणि अरबीत पुष्कळ लिहून आलंय म्हणतात. मी त्यातलं काही वाचलेलं नाही. मी तिला चहा देत आलोय, तेवढ्यावरून लिहितो.

कुवेतात ऑफिसात चहा करणाऱ्याला फराश म्हणतात. आमच्या श्रीवर्धनच्या बाजूचे कितीतरी लोक हे काम करतात आणि गावी गेल्यावर सांगतात की ऑफिसात आहे. मी गावातसुद्धा सांगतो, फराश आहे. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एकाही माणसाला दुसऱ्याचा चहा गेलेला नाही. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला पुदिना घालून, कोण करक म्हणजे दूध आटवलेला दाट चहा घेतो, कोण तोंडाने नको म्हणतो आणि ठेवला की पितो, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. कागदावर काही नाही.

ती आली तेव्हा मी एका इंग्रजी पेपरच्या ऑफिसात होतो. तिला माझ्या किचनला लागून असलेलं टेबल दिलं, कारण तिथे भांड्यांचा आवाज येतो म्हणून दुसरं कोणी बसत नसे. तिच्या देशात ती रेडिओवर होती. पुरात होडीतून जाऊन बातमी दिलेली बाई. इथे तिला कार्यक्रमांचं पान दिलं. शाळेचं गॅदरिंग, कुठल्या दूतावासातलं जेवण, नव्या दुकानाची रिबन. ती मान खाली घालून तेवढंच लिहायची, पण असं लिहायची की रिबन कापणाऱ्यापेक्षा रिबन धरून उभ्या राहिलेल्या पोरीचं जास्त असायचं. मग साहेब ते कापायचा. रोजचं झालं होतं.

आमचं बोलणं सुरू झालं ते नारळामुळे. मी डबा उघडला, त्यात सुरमईचं कालवण होतं. ती वासावर आत आली आणि विचारलं, नारळ कशावर काढता? मी हाताने दाखवलं, खाली बसायचं, पुढे लोखंडी दाते. ती हसायला लागली. तिची आई मोंबासात अश्शाच पाटावर बसून नारळ खवते. मोंबासा म्हटल्यावर मी डबा तिच्यापुढे सरकवला. माझे आजोबा गलबतावर खलाशी होते, कौलं घेऊन त्या बंदरात गेलेले. आमच्या घरात मोंबासाचं नाव बाजूच्या गावासारखं घेतलं जायचं. त्या दिवसापासून मी तिला मॅडम आणि ती मला चाचा. बोलायचो हिंदीत. तिचं मोडकं, माझंही मोडकंच.

मी जलीबमध्ये राहतो. एका खोलीत आठ जण, सगळे आमच्याच तालुक्यातले. तिने साहेबाला विचारलं, मी तिथे जाऊन लिहू का? साहेब म्हणाला, तुझं पान कार्यक्रमांचं आहे. ती मला म्हणाली, शुक्रवारी साहेबाला सुट्टी असते, मलाही असते. मी तिला घेऊन गेलो. आदल्या दिवशी सगळ्यांना दम भरला होता की अंगात शर्ट पाहिजे. शर्ट घातले, पण तोंडं बंद ठेवतील तर शपथ. ती जिना चढत होती तोवर एक जण म्हणाला, "चाचा, चाचीला कळवू काय? की निकाहचं जेवण झाल्यावर?"

ती उलट्या बादलीवर बसली आणि प्रत्येकाला एकच विचारलं: शुक्रवारी तुम्ही काय करता? बाकी सहा दिवस मालकाचे, हा एक तुमचा, त्याचं काय करता? आजवर आम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं. मीना अल-अहमदीत पाइप जोडणारा आमचा एक जण आहे, तो कधी बोलत नाही. त्याने अर्धा तास सांगितलं की तो शुक्रवारी फक्त कपडे धुतो, पण गावच्या नदीवर धुतल्यासारखे, गच्चीवर आपटून.

त्यानंतर ती दर शुक्रवारी कुठे ना कुठे जायची. आधी वही घेऊन, मग फोन घेऊन. दोन वर्षं घरी गेली नाही आणि त्या तिकिटांच्या पैशांत कॅमेरा घेतला. पहिली फिल्म केली ती दहा मिनिटांची. गच्चीवर एकमेकांचे केस कापणारे दोन भाऊ. मी म्हटलं, यात बघायचं काय? ती म्हणाली, चाचा, धाकटा कान कापायच्या भीतीने श्वास धरतो ते बघा. मी बघितलं. खरंच धरत होता.

मग पेपर छापणं बंद झालं. निम्मी माणसं काढली, त्यात मी. ती त्याआधीच बाहेर पडली होती. एका कुवेती बाईला बरोबर घेऊन, लायसन्स त्या बाईचं आणि काम हिचं, अशी हवल्लीत तीन खोल्यांत कंपनी काढली होती. माझी साठी उलटलेली, पदवी कसली, पाचवीसुद्धा नाही. तशा माणसाचा कागद, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, नव्याने करणं त्या दिवसांत फार कठीण झालं होतं. कंपन्यांची कागदपत्रं करून देणारा मंदूब मला म्हणाला, चाचा, सामान बांधा. मी कोणाकडे गेलो नाही. मागायची मला सवय नाही. ती स्वतः जलीबला आली, जिना चढून, आणि म्हणाली, माझ्याकडे चहा कोण करणार? मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत करा.

माझ्या कागदासाठी ती आणि कुवेती बाई किती खिडक्यांवर उभ्या राहिल्या ते मला मंदूबने पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तिने एका शब्दाने सांगितलं नाही.

तीन खोल्यांत आम्ही चौघं. ती, फिल्म जोडणारा एक इजिप्तचा माणूस, मी, आणि फोन घेणारी एक मराठी पोरगी. पोरीची आई पुण्याकडची, इथे इस्पितळात नर्स. पोरगी इथेच जन्मलेली. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांना वाटायचं की आपलं बोलणं झालं. कंपनी दुसऱ्यांची छोटी छोटी कामं करून चालत होती. पण तिच्या मनात एकच मोठी फिल्म होती, एका शुक्रवारची. कितीतरी वर्षं जमवलेले तुकडे, त्यातून कुवेतातला एकच शुक्रवार करायचा.

त्यासाठी तिने मोठ्या खोलीची भिंत घेतली. प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड. त्यावर एक लहान फोटो, खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. कार्डं भिंतीला चिकटवायची, बघायची, काढायची, दुसरीकडे लावायची. रोज बदलायचं म्हणून नंबर घातले नव्हते. सगळ्यात वर एक मोठा कागद. महिनोन् महिने ती आणि इजिप्तवाला त्या भिंतीपुढे उभे राहून भांडायचे आणि मी मधून ट्रे घेऊन जायचो.

बाहेरच्या देशातलं एक चॅनेल ती फिल्म बघणार होतं. रविवारी दुपारपर्यंत पाठवायची होती. त्यांनी घेतली तर कंपनी चालणार होती. नाही घेतली तर लायसन्स पुढे चालवणार नाही, असं कुवेती बाईने स्पष्ट सांगितलं होतं. तिचीही चूक नव्हती, तिने खूप दिवस धरून ठेवलं होतं. कंपनी गेली की इजिप्तवाल्याचा कागद गेला, माझा गेला, आणि मॅडमचाही गेला. आम्ही हे बोलत नव्हतो, पण चहा पिताना सगळ्यांच्या तोंडावर ते असायचं.

गुरुवारी दुपारी क्रम ठरला. मी ट्रे घेऊन आत होतो, दोघांनी हात मिळवले. इजिप्तवाल्याच्या आईचं ऑपरेशन होतं, तो तसाच विमानतळावर पळाला. शनिवारी मॅडम त्याला फोनवर क्रम सांगणार आणि तो तिकडे बसून फिल्म जोडणार, असं ठरलं. त्याला सोडायला मॅडम गेली. एरवी निघताना ती भिंतीचा फोटो काढायची. त्या दिवशी घाईत राहिला.

तासाभरात कुवेती बाईच्या ड्रायव्हरचा फोन. बाई तीन पाहुण्या घेऊन ऑफिस दाखवायला येतायत. पोरगीसुद्धा निघून गेली होती. ऑफिसात मी एकटा.

आता फराशाचं काम काय असतं ते लोकांना माहीत नसतं. चहा हे शेवटचं काम. पाहुणा आत आला की त्याची पहिली नजर कुठे पडते, ते आधी बघायचं. मोठ्या खोलीत शिरलं की समोर ती भिंत. कार्डांचे कोपरे मुडपलेले, चिकटपट्ट्या काळ्या पडलेल्या, दोन ठिकाणी चहाचे डाग. अशी भिंत माझ्या पाहुण्यांपुढे पस्तीस वर्षांत आली नव्हती. मी सगळी कार्डं उतरवली, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि व्हिनेगरच्या पाण्याने भिंत पुसून काढली. पाहुण्या आल्या. आधी कॉफी दिली, मग खजूर, मग चहा. त्या बाईंची मोठी बहीण म्हणाली की इथे किती स्वच्छ आहे. मला बरं वाटलं.

त्या गेल्यावर मी कार्डं परत लावायला घेतली. फोटो होतेच. सूर्य कुठे आहे ते सावलीवरून मला कळतं. पहाटेचं पहिलं, मग सकाळचा नाश्ता, मग जुम्म्याची नमाज, मग जेवणं, क्रिकेट, सूर्य बुडतानाची मगरिबची नमाज, रात्रीचे फोन. पट्टी धरून एका ओळीत लावली, नवीन चिकटपट्टीने. मोठा कागद वर मधोमध. आधीपेक्षा शंभरपट चांगली दिसत होती. शुक्रवारी मी खोलीवर सगळ्यांना सांगितलंसुद्धा की उद्या मॅडम खूश होणार.

शनिवारी सकाळी ती दारातच थांबली. पर्स खांद्यावरून काढली नाही. पोरगी तिच्या मागे.

"चाचा, ही भिंत कोणी लावली?"

"मी. आधी वाकडी होती."

पोरीने तोंडावर हात घेतला. मला कळलं की काहीतरी चुकलंय, पण काय ते कळेना, आणि कळेना तेव्हा मी भांडतो. म्हटलं, वाकडं ते वाकडंच. म्हटलं, तुम्ही मगरिब दुपारच्या आधी लावली होतीत, असा शुक्रवार मी तरी कुठे बघितलेला नाही. म्हटलं, सूर्याला काही हिशेब आहे की नाही. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि संध्याकाळपर्यंत सामान बांधून मोकळा झालो असतो. ती ओरडली नाही. खाली लादीवर बसली.

तिने इजिप्तवाल्याला फोन लावला. तो इस्पितळाच्या जिन्यात उभा होता. त्याला सुरुवातीची वीस-एक कार्डं आठवत होती. पुढे त्याने सांगितलं ते हिला पटेना, हिने सांगितलं ते त्याला. शेवटचा फोटो बुधवार संध्याकाळचा होता आणि गुरुवारी अर्धी भिंत बदलली होती. तो क्रम लावायला महिने लागले होते, आणि हातात एक दिवस.

मग पोरीने हळूच विचारलं, तेवढं एक वाक्य पहिल्यांदा मराठीत. "चाचा, वर लिहिलंय ना, हात लावू नका म्हणून? ते वाचलं नाही का?"

तो मोठा कागद. मी तो पट्टी धरून मधोमध लावला होता.

पेपरच्या ऑफिसात असल्यापासून मी दुपारी किचनमध्ये इंग्रजी पेपर उघडून बसायचो. पानं उलटायचो, मान हलवायचो. कितीतरी वर्षं. लोक म्हणायचे, चाचा वाचतो. खोलीवर सगळ्यांना माहीत होतं की चाचाला इंग्रजी येतं. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी सांगू शकलो असतो की चष्मा नव्हता.

मी म्हटलं, "मला इंग्रजी वाचता येत नाही."

मॅडम म्हणाली, "माहीत आहे मला, चाचा. पहिल्या वर्षापासून. चूक माझी. मी तुम्हाला तोंडाने सांगून जायला हवं होतं."

मग एकेक आठवायला लागलं. कुठे पाकीट पोचवायचं असलं की ती म्हणायची, हिरवं पाकीट, निळ्या दरवाजाची बिल्डिंग, दुसरा मजला. बाकीचे नुसतं माझ्या हातात ठेवायचे. मला वाटायचं, हिला बडबडायची सवय आहे. इतकी वर्षं तिने माझी अब्रू अशी सांभाळली होती की ती सांभाळतेय हे मलासुद्धा कळू दिलं नाही.

मी म्हटलं, थांबा. उठा. लिहून घ्या.

ज्याला आजूबाजूचं लिहिलेलं वाचता येत नाही तो ऐकलेलं आणि बघितलेलं टाकून देत नाही. टाकलं तर परत कुठून आणणार? त्या भिंतीखाली एक लहान कट्टा होता, पेले मी त्यावर ठेवायचो. पेला ठेवायचा म्हणजे वरती काय आहे ते बघूनच ठेवायचा, नाहीतर कार्डावर चहा उडतो. गुरुवारी सकाळपासून मी सात वेळा आत गेलो होतो. मी पहिल्या ट्रेपासून सुरुवात केली. पहिला तुमचा करक, त्याचा पुदिना. पुदिन्याच्या पेल्यावर दोघे भाऊ केस कापत होते. त्यांच्या पुढे कणीक मळणारा. तुम्ही म्हणालात, कात्रीच्या हातानंतर कणकेचे हात. दुसरा ट्रे, त्याने साखर नको म्हटलं, म्हणजे त्याला राग आला होता, कारण तुम्ही गाणाऱ्या बायका खिडकीकडे नेल्यात. बायकांच्या टाळ्या, मग क्रिकेटवाल्याचा झेल. तिसऱ्या ट्रेला त्याचा चहा तसाच राहिला, तेव्हा कपडे आपटणारा वर गेला.

सांगता सांगता मलाच कळलं की ही भिंत सूर्यावर चाललेलीच नव्हती. ती हातांवर चाललेली होती. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. महिनोन् महिने मी ते ऐकत होतो आणि पट्टी धरताना विसरलो.

मॅडम कार्ड काढून लावत होती, पोरगी लिहीत होती. मध्ये इजिप्तवाल्याला विचारलं की तुझा चहा कुठे थंड झाला, तर तो फोनवर हसायला लागला आणि म्हणाला, बरोबर, तिथेच. दुपार झाली, असरची नमाज झाली. त्या दिवशी ऑफिसात कोणाला चहा मिळाला नाही. शेवटी तीन कार्डं उरली. ती कुठे होती ते मला आठवेना. ट्रेच्या मधल्या वेळात लावली असतील. मॅडम म्हणाली, तेवढी मी लावते. लावली. पहाटेचं एक कार्ड होतं, ते तिने सगळ्यात शेवटी लावलं. या वेळी मी सूर्याचा हिशेब काढला नाही.

फिल्म रविवारी वेळेत गेली. उत्तर यायला सहा आठवडे लागले. त्या चॅनेलने ती घेतली. लायसन्स राहिलं. मंदूबने माझा नवा कागद आणून दिला तेव्हा मी तो किचनमध्ये नेऊन दोनदा बघितला. अरबीही मला वाचता येत नाही, पण फोटो माझाच होता.

आता कंपनीत अकरा माणसं आहेत. तिच्या देशातून आणि आपल्या दक्षिणेकडून आलेल्या मुली तिच्याकडे कॅमेरा शिकतात. तिची दुसरी फिल्मही झाली. कुवेती बाईंनी त्या शनिवारचं विचारलं होतं तेव्हा मी ट्रे घेऊन उभा होतो. मॅडम म्हणाली, एसीच्या वाऱ्याने कार्डं पडली. बाईंनी एसीवाल्याला बोलावून चांगलं झापलं. इजिप्तवाला खाली बघत होता, पोरगी छताकडे. आजपर्यंत तिघांपैकी कोणी बोललेलं नाही.

मी तिला कधी आभारी आहे असं म्हटलेलं नाही. आमच्यात ते तोंडाने म्हणायची रीत नाही, आणि माझा स्वभाव तुम्ही बघितलाच. तिने मला इंग्रजी शिकवते म्हणून दोनदा सांगितलं, मी नको म्हटलं. या वयात मुळाक्षरं गिरवत बसणार नाही. मात्र किचनमध्ये पेपर उघडून बसणं मी बंद केलंय.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, चाचा, नव्या मुलींना सांगा ना, फराशाचं काम काय असतं ते. कॅमेऱ्यासमोर पाचच मिनिटं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग लिहून द्या, तुमच्या भाषेत. ते मला पटलं. एसीवाल्याने विनाकारण बोलणी खाल्ली, तेही डोक्यात होतं. म्हणून हे लिहिलं.

आता अडचण अशी आहे की ऑफिसात हे कोणाला वाचता येणार नाही. मॅडमला मराठी येत नाही. पोरीला समजतं, पण अक्षर लागत नाही. काल दोघी कागद हातात घेऊन उलटसुलट करत होत्या. मी म्हटलं, द्या इकडे, मीच वाचून दाखवतो. पोरगी इंग्रजीत सांगेल. गुरुवारी दुपारी काम आटपलं की सगळ्यांनी मोठ्या खोलीत बसायचं. चहा आधी होईल.